आधी लाइट, मग पाणी

आमच्या शिवराजला खरेदीचा क्रम कधी कळलाच नाही. संसार मांडला तेव्हा घरात गॅसची शेगडी यायच्या आधी साउंड सिस्टीम आली. गाडी घ्यायच्या आधी गाडीचं कव्हर आलं, कारण ते सेलमध्ये होतं. वाळूजच्या एका कंपनीत हा माणूस क्वालिटी बघतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो. घरी आल्यावर ती नजर कुठं जाते, हे मला, त्याच्या बायकोला, अजून समजलेलं नाही.

मुंबईच्या एका मित्राकडं त्यानं समुद्री माशांची आणि प्रवाळाची टाकी पाहिली आणि वेड घेऊनच घरी आला. आम्ही राहतो हर्सूलला. नळ आला की बायका एकमेकींना फोन करून उठवतात, अशी आमची गल्ली. तिथं याला घरात समुद्र हवा होता. टाकी तशी लहान, टीव्हीशेजारच्या टेबलावर मावणारी. पण तिचा सरंजाम मोठा, आणि सगळं एकदम घेण्याची आमची ऐपत नव्हती.

मित्रानं त्याला बजावून सांगितलं होतं. आधी आरओ फिल्टर घे, कारण टाकीला लागतं ते पाणी स्वच्छ हवं, त्यातच खास मीठ कालवायचं. मग पाणी खेळतं ठेवणारा पंप. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात भराभर उडतं आणि मीठ मात्र मागं राहतं, म्हणून उडालं तेवढं साधं, गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र घे. लाइट सगळ्यात शेवटी. हे ऐकून मला आनंदच झाला. आम्ही पितो जारचं पाणी, आणि स्वयंपाकघरात फिल्टर लावा म्हणून माझा घसा कोरडा पडला होता. त्याच फिल्टरची एक नळी ओट्याला आणि एक माशांना, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

शिवराजनं लाइट आणला. निळा, भारीतला, मोबाइलवरून कमीजास्त होणारा. "प्रवाळ उजेडावर जगतं," तो म्हणाला. पाण्याचं काय, विचारलं तर म्हणाला, "जार आहेतच की."

मग काय, जार माशांना. आमच्यासाठी उरला तर उरला. जारच्या पाण्यानं टाकीत हिरवं शेवाळ धरलं आणि त्या भारी लाइटखाली ते झकास वाढलं. मे महिन्यात पाणी तापायला लागलं तेव्हा माझ्या फ्रीजरमधले मटार बाहेर आले आणि पाण्याच्या बाटल्या आत गेल्या. त्या गोठल्या की टाकीत तरंगत ठेवायच्या. मी बोलले की तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात फिल्टर, नक्की." पुढच्या महिन्यात काय आलं? मुंबईच्या मित्राकडून प्रवाळ.

खोटं कशाला बोलू, प्रवाळ सुंदर होतं. मऊ जातीचं, केशरी फुलांचा गुच्छ दगडावर चिकटवावा तसं. सकाळी लाइट लागला की एकेक फूल उघडायचं आणि दोन पट्टेरी मासे त्याच्यापुढून फिरायचे. मलाही तिथं चहा घेऊन बसावंसं वाटायचं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

माझ्या भावाचं लग्न नागपूरला ठरलं. टाकीपाशी कोणीतरी हवं म्हणून शिवराजनं पाचोडहून आईला बोलावलं. साळूबाई माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. आमच्या घरात त्या पाहुणीसारख्या वावरतात. मागं एकदा त्यांच्या हातून मिक्सरचं भांडं फुटलं. कोणी काही बोललं नाही, तरी त्यानंतर वर्षभर त्या आल्या नाहीत. "तुमच्या घरात हात लावीन ते मोडतंय," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून बटण दाबायचं झालं तरी विचारून दाबतात.

निघायच्या घाईत शिवराजनं त्यांना टाकी दाखवली. "आई, ही खाऱ्या पाण्याची टाकी. पाणी या रेघेच्या खाली गेलं की भरायचं. बस." भरलेले जार शेजारी ठेवले होते. त्यातलंच भरायचं, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. आपोआप भरणारं यंत्र असतं तर सांगायचंही काही नव्हतं.

आम्ही परत आलो तर आत्या दारात उभ्या, चेहरा फुललेला. "शिवा, बघ तुझी टाकी कशी लखलख केली."

पाणी खरंच नितळ होतं. प्रवाळ मिटून दगडाला चिकटलं होतं, अर्धं गळून खाली पडलं होतं. मासे कोपऱ्यात होते, पण जिवंत.

"काय केलंस आई?" शिवराजनं विचारलं.

"आरं, पानी शिळं झालं व्हतं. बोट बुडवून चाखलं तर नुस्तं मीठ. म्हनलं, नासलं. मग निम्मं काढलं अन् ताजं खारं पानी भरलं."

"खारं कुठलं?"

"बोरचं. दुसरं कुठलं आसतंय? तू गोडं पानी माशाला ठेवलं व्हतंस, ते म्या वाचवलं. तुमच्यासाठी माठात भरून ठेवलंय."

आमच्याकडं बोरच्या जड पाण्याला खारंच म्हणतात. मीही म्हणते. नळ आला की शिळं पाणी ओतून ताजं भरायचं, हेही घरोघरचं. त्यांचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात त्या म्हणाल्या, "काढलेलं वाया नाय घालवलं, सायली. तुझ्या कढीपत्त्याला घातलं." मागच्या दारी माझा कढीपत्ता मान टाकून उभा होता.

मी तोंड उघडलं. शिवराजनं माझं मनगट धरलं. मग तो माठाकडं गेला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "बरं केलंस आई."

आत्या त्या दिवशी न विचारता पंखा लावून बसल्या.

त्या गेल्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पगार झाला तसा शिवराज स्वतःहून मला घेऊन क्रांती चौकातल्या दुकानात गेला. दुकानदारानं फिल्टरचं खोकं उघडलं, नळ्या समजावून सांगायला लागला, आणि शिवराजचा फोन वाजला. स्पीकरवर आत्या.

"शिवा, शनिवारी येते. संगं दोघीतिघी हायेत. म्हनलं, माझ्या लेकाचं समुद्रातलं फूल दाखवावं. म्या पानी बदलल्यापासून लईच फुललं आसंल, व्हय ना?"

"व्हय आई," शिवराज म्हणाला. "या."

फोन ठेवून तो खोक्याकडं बघत राहिला. खिशातल्या पैशात फिल्टर आणि मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवीन, असं दोन्ही बसत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. नवीन प्रवाळ त्या पाण्यात किती टिकणार, हेही माहीत होतं. त्यानं तोंडानं प्रवाळ मागितलं असतं तर मी भांडले तरी असते.

"बंद करा खोकं," मी दुकानदाराला म्हणाले. "पुढच्या महिन्यात येऊ."

बाहेर येऊन मी सिग्नलपर्यंत त्याला मनसोक्त बोलून घेतलं. मग म्हणाले, "लाव मुंबईच्या मित्राला फोन. प्रवाळ केशरीच सांग. आत्यांना रंग लक्षात राहतात."

त्यानं फोन लावला. घरी जाताना वाटेत थांबून आम्ही जारवाल्याला दोन जार जास्तीचे सांगितले.