न वाचलेली यादी

वाचनालयातला लिनक्सवर चालणारा संगणक अपग्रेड करायला तंत्रज्ञ देशमुख आले. कमांड दिल्यावर पडद्यावर यादी आली: काय नवं येणार, काय काढलं जाणार. खाली प्रश्न होता, पुढे जाऊ का? फोनवर बोलता बोलताच त्यांनी ‘हो’साठीचं वाय दाबलं. आमचं पुस्तकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर काढायच्या यादीतच होतं. गेलं!

“यादी वाचली नाहीत?” मी विचारलं.

“ती कोण वाचतं, मॅडम? वाय दाबायचं असतं.”

मागे वाचनालयातलं माझं टेबल जिन्याखाली हलवताना वरिष्ठांपैकी कुणी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. इथे यंत्र सगळं सांगून उत्तरासाठी थांबतं, आणि माणसाला नजर टाकायची सवड नाही!

सॉफ्टवेअर परत बसवताना तोच प्रश्न आला. देशमुखांचं बोट पुढे सरकलं. ‘शांतता राखा’च्या पाटीखाली उभी राहून मी ओरडले, “आधी यादी वाचा. मोठ्यानं!”