कपाटाखालचे दाणे

जून १९८४मधला एक रविवार. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात हजर: चिटणीस या नात्याने मी, माझ्या सासूबाई, तळमजल्यावरच्या वहिनी आणि औषध फवारणारे काका. काकांनी वहिनींच्या दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि हातानेच आम्हाला थांबवलं.

"गप ऱ्हवा. जेवतत ती."

ती म्हणजे वाळवी.

काका मालवणकडचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्यांनी हे काम धरलं होतं. झुरळावर त्यांचा राग नव्हता. "झुरळ बापडा उघड्यावर फिरता, खरकटा खाता, मार खाता. वाळवी घरातलीच होवन ऱ्हवता." दोघं एकाच कुळातली, असंही सांगत. बायका हातातली कामं टाकून ऐकत.

सोळा घरांत कधी फवारलं, पुन्हा कधी फवारायचं, याची यादी मी ठेवत होते. ती कोणी मागितली नाही. ओट्याखाली काही हललं की सासूबाईसुद्धा म्हणत, "तुझी वही राहू दे गं, काकांना हाक मार." खोटं कशाला सांगू, मी जळायचे.

तशात सोसायटीच्या ऑफिसातल्या लाकडी कपाटाखाली किड्यांच्या विष्ठेचे बारीक दाणे दिसले. मी यादीत 'झुरळं' लिहिलं आणि कणकेत बोरिक पावडर मळून गोळ्या ठेवल्या. काकांनी दाणे तळहातावर घेतले.

"बाय, ह्या झुरळाचा न्हय. झुरळाचा काळा, चायपावडरीसारख्या आसता. ह्या बघा, रव्यासारख्या. वाळवी आसा."

"काका, झुरळंच आहेत. मी नोंद केलीय."

"बरा," म्हणाले आणि पंप उचलून गेले.

पावसाळा संपता संपता कपाटाचा खण हातात आला. वर रंग, आत भुगा. सभासदांच्या अर्जांची फाइलही पोखरलेली. सभेत एकाने विचारलं, "काय काका, तुम्हाला कळलं कसं नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माझ्याच ध्यानात येवक नाय."

"असू दे हो काका, एवढं काय!" सगळे एकदम म्हणाले. इतक्या मायेने माझी चूक कधी कोणी पोटात घातली नव्हती. मी इतिवृत्तात काकांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

दिवाळीनंतर काका गावी गेले ते आलेच नाहीत. कांजूरमार्गच्या त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे.

त्या इतिवृत्ताखाली दुरुस्ती लिहायची आहे: दाणे वाळवीचे होते, काकांनी सांगितलं होतं, चिटणीसांनी ऐकलं नाही. पेन उघडते आणि वाटतं, हे वाचून सगळे पुन्हा त्यांचंच कौतुक करतील. पेन मिटते. तेवढं काम राहिलंय.