वळणावरचं पिवळं फडकं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून टँकरचं पाणी भरलं. तेच शेवटचं. माझी बायको गिरजा वळणावरच्या ड्रमापाशी उभी, पाइप माझ्या हातात, आन् पाइप जोडावर गळत होता. अशा दुष्काळात थेंबसुद्धा वाया जाताना बघवत नाही. आमच्या ड्रमाला तिनं जुन्या लुगड्याची पिवळी पट्टी बांधलेली होती, ती मी सोडली आन् पाइपला आवळली. "आवो, राहू द्या की तिथं," ती म्हणाली. मी म्हणलो, "आता कुणासाठी? तुझा इद्रिस कधीच गेला त्याच्या मुलखात." ती हसली... कळशी घेऊन घरात गेली.

त्या दिवसाला महिना झाला. लोक म्हणतात, देवाची मर्जी. देवाला कशाला मधी ओढता?

इद्रिस सुदानचा. इथं शिकायला आलेला. चार घरांनी त्याला दारातूनच परतवून लावलं, तेव्हा आम्ही वरची खोली दिली. शेजारीण म्हणाली, "काकू, रंग तरी बघायचा!" गिरजा म्हणाली, "माझा तवा त्याच्याहून काळा आहे. त्यावरची भाकर तुला गोड लागते ना?" पोरगा रोज चुकायचा. रिक्षावाले त्याला अख्खं शहर फिरवून आणायचे. एकदा त्यानं कॉलेजला जाणारी गाडी विचारली, तर कुणीतरी गंमत म्हणून सिल्लोडच्या गाडीत बसवून दिला. दिवस मावळता उपाशी परत आला. पाहुण्याला चुकीची वाट दाखवून हसणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी गिरजा स्वतः त्याच्याबरोबर रिक्षात बसली. "मेरे को पढना नहीं आता, तेरे को मराठी नहीं आती. अपन दोनों एकीच किलास के," म्हणाली. "भाव पूछना नहीं. पूछा की तू परदेसी. रोज का आदमी जैसा बैठने का." खुणा शिकवल्या, पण शहर असं वाढत सुटलेलं की आज दाखवलेलं लिंबाचं झाड पुढच्या महिन्यात रस्त्यात जायचं. आमची वस्ती तर शेतात प्लॉट पाडून झालेली. घरं सारखी, गल्लीला नाव नाही, पाटी नाही. हलत नव्हते ते फक्त पाण्याच्या नंबरला लावलेले निळे ड्रम. म्हणून तिनं वळणावरच्या आमच्या ड्रमाला ती पट्टी बांधली. "ये दिखा की मुड. घर आया." तीन वर्षं तो पोरगा त्या फडक्यावर घरी आला. जाताना तिच्या पाया पडला. "मावशी, अब किधर भी जाऊँगा, गुम नहीं होऊँगा."

आन् ते शेवटचं पाणी भरलं त्याच दुपारी तिच्या छातीत कळ आली. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पत्ता? गट नंबर सांगितला. गल्ली कोणती? काय सांगणार? सवयीनं तोंडातून गेलं, "निळ्या ड्रमाला पिवळं फडकं बांधलंय, तिथं वळा." भोंगा ऐकू येत होता... जवळ यायचा, लांब जायचा. यंदा वळणावळणावर निळे ड्रम. फडकं कुठंच नाही. ते माझ्या अंगणात पाइपला होतं! ध्यानात आलं तसा मी अनवाणी पळत सुटलो. गाडी घेऊन परत आलो तोवर ती गेली होती.

मत मागायला हे घर सापडतं. जमीन मोजायला गट नंबर सापडतो. एक पाटी लावायला मात्र इतक्या वर्षांत कुणाला वाट सापडली नाही. महापालिकेत जाऊन तोंडावर बोललो त्यांना. "अर्ज द्या," म्हणाले. पण पाटीसाठी भांडतो, तर पट्टी कुणी सोडली? मीच की. त्याचा अर्ज कुणाकडं देऊ?

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे म्हणत होते, सुतक आहे, घरात बसा. मी अंगणात गेलो. पाण्यानं पट्टीची गाठ फुगलेली, दातांनी सोडली. शेजारीण म्हणाली, "काका, पाइप गळंल ना."

"गळू दे."

वळणावर गेलो. यंदाच्या टंचाईत ड्रमही लोक हलवतात, म्हणून विजेच्या खांबाला बांधली, हात पुरंल तितकी उंच. शेजारीण मागोमाग आली होती. हळूच म्हणाली, "काका, आता कोण यायचंय तुमच्याकडं?"

"कधीतरी तुझ्याकडं कुणी येईल," म्हणलो, आन् गाठीवर आणखी एक गाठ मारली.