सागरचा अभ्यास

भेस्तानला आमच्या खालच्या मजल्यावर मालतीबाई राहतात. मूळच्या शिरपूरकडच्या. सुरतेत अर्धं आयुष्य गेलं, तरी घरात अहिराणीच. पूर्वी त्या धर्मेंद्रशेठच्या कारखान्यात साड्यांना लेस लावायच्या. आखाती देशांशी व्यापाराचे करार झाले, शेठनं अबाये शिवायला घेतले आणि अरबी बायकांच्या त्या काळ्या झग्यांच्या बाह्या जोडायचं काम मालतीबाईंकडे आलं. माल मस्कतला जातो. मस्कत म्हणजे नंदुरबारच्या पुढचं स्टेशन असावं, अशा थाटात त्या बोलतात.

त्यांचा सागर नौदलात आहे. शाळेत हा माझाच विद्यार्थी. पुस्तक दिसलं की याचं पोट दुखायचं! पण पोरगा लाघवी, आणि माझा फार लाडका.

मागच्या महिन्यात कारखान्यातल्या टीव्हीवर हिंदी बातमी लागली. सागरचं जहाज ओमानच्या नौदलाबरोबर ‘युद्धाभ्यास’ करायला मस्कतला गेलं होतं. मालतीबाईंनी त्यातलं युद्ध तेवढं ऐकलं. हातातला अबाया एका बाहीचाच टाकून त्या घरी येऊन बसल्या.

शेठ दारात आले. “मालतीबेन, माल भरवानो छे!”

“मना पोऱ्या तठे लढाले गया, आनि मी त्यासना बायासले झगा शिवू?”

मी समजावलं, “अहो, हिंदीत अभ्यास म्हणजे सराव. दोन्ही देशांची दोस्ती आहे. समुद्रातली वाट सुरक्षित राहावी म्हणून मिळून सराव करतात. तुमचा मालही त्याच वाटेनं जातो.”

“अभ्यास?” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “बाई, तुम्ही बी खोटं बोलाले लाग्यात? मना सागर, आनि अभ्यास?”

त्याची प्रगतिपुस्तकं मीच भरली होती. मालतीबाई जेवेनात, देवापुढून उठेनात. खरं सांगते, मीही मोबाइलवर पुन्हा पुन्हा तीच बातमी उघडून बघत होते.

मग एका सकाळी मस्कतच्या बंदरातून सागरचा व्हिडिओ कॉल आला. सागरसाहेबांच्या गालात खजूर!

“माय, लढाई कसानी? सराव शे. अठला, ओमानना एक नाविक मना दोस्त व्हयना. त्यानी माय आमनासाठे खजूर लई उनी. तिना अंगवर काळा झगा व्हता, तू शिवस तसाच.”

मालतीबाई आधी रडल्या, मग त्याला पोटभर शिव्या दिल्या. फोन ठेवला, चपला घातल्या आणि तडक कारखाना गाठला. मीही मागोमाग गेले.

अबाया मशीनवर तसाच पडला होता. त्यांनी दुसरी बाही जोडली. मग झगा उलटा केला आणि दोन्ही काखांत आणखी एकेक शिलाई मारायला घेतली.

शेठ धावत आले. “मालतीबेन, डबल सिलाई किसने बोली?”

मालतीबाईंनी मान वर केली नाही.

“ती बी माय शे,” त्या म्हणाल्या. “पोऱ्या घर उना का मिठी मारस. काखमाच पहिले उसवस.”