मशीनच्या जाळीतलं कुंकू

कुंकू लावलेलं ते मशीन मी अजून विसरलेलो नाही. चोऱ्या, मारामाऱ्या खूप पाहिल्या. आजारी माणसाच्या श्वासावर धंदा करणारा मात्र तो पहिलाच.

निवृत्तीच्या आधी मी वसईत पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी जवळच्या होळी गावचे एक ख्रिस्ती बागायतदार पत्नीसह आले. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा. त्यासाठी मास्कमधून रात्रभर हवा देणारं मशीन त्यांनी नवं म्हणून विकत घेतलं होतं. थोड्याच दिवसांत खोकला जडला, मास्कमध्ये काळे कण दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, हे मॉडेल कंपनीनं केव्हाच परत मागवलंय. आतला फोम झिजतो आणि त्याचे कण छातीत जातात.

"साहेब, लावलं तर खोकला, नाही लावलं तर श्वास अडकतो. मी करू काय?" काका म्हणाले.

मी बजावलं, मनानं काही बंद करू नका, आजच डॉक्टरांकडून दुसरं मशीन मागून घ्या. हे मात्र पुसू नका, बिलासकट जमा करा.

पंचनाम्यात मागच्या जाळीत लाल पूड सापडली. हवालदार म्हणाला, गंज. कसला गंज! दसऱ्याला ठाण्यातल्या शस्त्रांना आम्ही लावतो, तेच कुंकू होतं. काकू चक्रावल्या. त्यांच्या घरात कुंकू येणार कुठून?

विक्रेत्याला बोलावलं. गोड बोलणारा इसम. सीलबंद माल दिला, पेशंटनंच खराब केला, हेच पालुपद. अशा गोड माणसांचा मला भारी राग येतो, पण त्याला तसाच बसवून ठेवला आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या पाचूबंदरच्या एका कोळी पेशंटनं असंच मशीन याच विक्रेत्याकडे परत दिलं होतं. त्या पेशंटच्या बायकोला बोलावून घेतलं. तिनं जाळी पाहिली मात्र, लगेच म्हणाली,

"ह्यो माझ्या हातचा टिला हाय, सायब. होडीच्या इंजिनाला लावते तसाच लावलेला. मशीन कंपनीला पाठवतो सांगून ह्यानंच नेलं."

विक्रेत्याला घेऊन आम्ही छापा घातला. सातिवलीतल्या त्याच्या गाळ्यात परत आलेली मशीनं आणि नव्या स्टिकरांचे गठ्ठे मिळाले. औषध निरीक्षकांना बोलावून सगळं जप्त केलं, त्याच्या बाकी गिऱ्हाइकांना सावध केलं. फसवणुकीचा गुन्हा आम्ही नोंदवला. भरपाईसाठी मी दोन्ही कुटुंबांना ग्राहक आयोगाकडे धाडलं. मशीन, बिल, तपासण्यांचे कागद जपलेले होते, म्हणून तिथं त्यांची बाजू टिकली.

लोक आधी वस्तू फेकतात आणि मग तक्रारीला येतात. या दोन घरांनी तसं केलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

पुढे काकांचा खोकला गेला. नवं मशीन घरी आलं तेव्हा त्यांनी मला जेवायला बोलावलं. जाऊन पाहतो तर पाचूबंदरची ती बाई आधीच हजर, हातात कुंकवाची डबी.

काकू हसून म्हणाल्या, "फादरांचा आशीर्वाद झालाय, साहेब. आता टिळा हिच्याच हातचा हवा. उद्या कोणी पळवलंच, तर तुम्हाला सापडायला नको?"