दोन नट, दोन नळ्या

कुकरची दुसरी शिट्टी होत होती, तेवढ्यात शिरूर अनंतपाळहून भाच्याचा फोन आला. "आत्या, पप्पा गेले." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं तेही रागाचंच. "असा कसा गेला? मला विचारलं का त्यानं?" बसू माझा धाकटा भाऊ. त्याला रागावल्याशिवाय माझा दिवस सरत नसे, आणि त्याच्या जाण्याच्या दिवशीही ती सवय सुटली नाही. मी नांदेडहून पोचेपर्यंत त्याला अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीशी बसवलं होतं. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवूनच माती देतात. गळ्यात लिंग, डोळे मिटलेले, खांद्यावर धुतलेला पंचा... दुकान बंद करून जेवायला बसलाय असं वाटावं. मी त्याच्या समोर जाऊन बसले.

त्याच्याबद्दल लिहायचं तर त्या मोटारीपासूनच लिहावं लागेल. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. त्याआधी कचेरीच्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागे, सगळा दिवस जाई. जिल्हा जवळ आला म्हणून गावात पेढे वाटले, आणि आमच्या बावीस वर्षांच्या बसूनं काय करावं? एका वकिलाची जुनी मोटार आणून दारात उभी केली. "आता जिल्ह्याला येणं-जाणं राहणार, मोटार नको का?" वडिलांनी कपाळाला हात लावला. त्यात दुष्काळ. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, आठवा संपत आला होता.

मोटार चढावर आचके द्यायची. पेट्रोल खेचणाऱ्या पंपातला रबरी पडदा फाटलाय, हे बसूनं स्वतःच शोधून काढलं. वडील म्हणाले, लातूरला मेकॅनिककडं ने. पण हा ऐकतो कुठला! लातूरहून नवा पंप आणला, अंगणात पोतं अंथरलं आणि इंजिनात डोकं घातलं. "दोन नट, दोन नळ्या, अक्का. एवढंच तर हाय." टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तोंडात त्यानं पेन्सिलीचा तुकडा खुपसला, पेट्रोल सांडू नये म्हणून. मी बाजेवर बसले होते. नट, वायसर हरवू नयेत म्हणून तो एकेक काढून माझ्या पदरात टाकायचा आणि लागेल तसा मागायचा. जुना पंप निघाल्यावर त्याची जागा त्यानं रॉकेलच्या फडक्यानं पुसली, नवा पंप बसवताना चार वेळा काढून पुन्हा बसवला. पंपाची दांडी आतल्या चाकावर नीट टेकली पाहिजे, नाहीतर सगळं फुकट, असं मला समजावून सांगत होता. गाडी चालू झाली तेव्हा त्याचं काळं तोंड बघून आई आणि मी पोट धरून हसलो होतो. इतकं मोकळं हसू मला पुढं फार वेळा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आई देवळात होती. मी एकटी घागर घेऊन गेले, गर्दीत पाय घसरला आणि पडले. बसूनं धावत येऊन उठवलं. "आईला सांगू नको," मी दटावलं. त्यानं सांगितलं नाही. मला फारसं लागलंही नव्हतं, मी ते विसरून गेले... निदान तेव्हा तसंच वाटलं.

दोन दिवसांनी, ऐन उन्हात, कळा सुरू झाल्या. बसूनं मला मोटारीत मागं झोपवलं, शेजारी आई. लातूर दहा-बारा मैल राहिलं आणि मोटार बंद पडली. रस्त्यावर झाडाची सावली नव्हती. बसूनं बॉनेट उघडलं, खांद्यावरचा पंचा पंपावर गुंडाळला आणि प्यायच्या पाण्याची कळशी थोडी थोडी त्यावर ओतत राहिला. इंजिन तापलं की पेट्रोलची पंपातच वाफ होते, ते गार करावं लागतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की मी मरायला टेकलेय आणि हा पंपाला पाणी पाजत बसलाय. तास-सव्वा तासानं गाडी सुरू झाली. दवाखान्यात बाळ झालं. मुलगा होता. रडला नाही.

रात्री तो खाटेपाशी आला तेव्हा मी म्हणाले, "तुझ्या पंपानं खाल्लं माझं लेकरू."  तो म्हणाला, "हाव अक्का. नट ढिला राहिला माझ्याकडून."

पुढं मला दोन मुलं झाली, नोकरी झाली, सगळं झालं. पण बसूला मी सोडलं नाही. भाऊबीजेला ओवाळतानाही एखादा टोमणा असायचाच. घरात मिक्सर बिघडला तरी मी म्हणायची, "बसूला नका दाखवू बाबा!" तो हसायचा. त्यानं पुन्हा कधी पान्हा हातात धरला नाही. साधी सायकलची चेन उतरली तरी सायकलवाल्याकडं पाठवायचा. मला वाटायचं, बरं झालं, अद्दल घडली.

बसू गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, परवा, त्याच्या घरी भेटायला गेले. बोलता बोलता मी त्याच्या बायकोला, गंगाला म्हणाले, "त्या दिवशी गाडी मेकॅनिककडं दिली असती, तर माझा लेक आज चाळिशीचा असता." गंगा ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"बास करा अक्का! पंप नीट होता. उन्हानं सगळ्यांच्याच गाड्या बंद पडत होत्या. बाळ दोन दिवस आधी पोटातच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना त्याच रात्री सांगितलं."

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग टँकर आठवला. घागर आठवली.

गंगा रडायला लागली. "मला शपथ घातली होती त्यांनी. डॉक्टरीणबाईंचे पाय धरले, म्हणे, माझ्या अक्काला सांगू नका. माझ्यावर चिडंल, बोलंल, जगंल तरी. स्वतःवर चिडली तर न्हाई वाचायची ती... लई चुकलं माझं, मी बोलायला नको होतं."

तिचं काही चुकलं नाही. बसूचंही नाही. मी त्याच्यावर चिडले, मनसोक्त चिडले, चाळीस वर्षं चिडले. आणि जगले.

संध्याकाळी शेतात गेले, त्याला तिथंच माती दिली होती. मातीचा ढीग अजून ओला होता, भाच्यानं पाणी शिंपडलं होतं. बेल ठेवला, हात जोडले. चांगलं काहीतरी बोलायचं होतं, सगळी वाट तेच जुळवत गेले होते. पण तोंडाला वळण तेच.

"गाढवा," मी म्हणाले, "एकदा तरी उलटून बोलायचंस."