गाव टाकून शोधा

श्री. चुडामण भिका पाटील, वय ३४, अविवाहित, मूळ गाव शिंदखेडा. पद : शोधयंत्र-प्रमुख (मानद), खानदेश वधू-वर संकेतस्थळ, जळगाव. सन १९९९.

आडनावानं शोधलं की अर्धा जिल्हा 'पाटील' निघे, म्हणून त्यानं गाव, शिक्षण आणि व्यसन असे रकाने जोडले. पहिल्याच दिवशी धुळ्याच्या द्रौपदाअक्का लेकीसाठी स्थळ शोधायला आल्या.

"शिंदखेड्याकडचा, पदवीधर, निर्व्यसनी," त्या म्हणाल्या.

चुडामणनं कळ दाबली. एकच नाव आलं.

"हाऊ तर तूच शे!"

"हो, अक्का."

"तू दिनभर या डबडापुढे बठस. दुसरा दखाड, भाऊ."

त्या अटींत बसणारा दुसरा कोणीच नव्हता, तरी अक्का रिकाम्या हातानं धुळ्याच्या एसटीत बसल्या.